बशीतलं पाणी

प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायची ही काचेची बशी जरा जवळून पाहा. तळाशी फिकट पिवळा थर आहे. बशी उलटी धरली तरी तो जागचा हलत नाही. जवळजवळ सगळं पाणीच आहे हे; त्याला धरून ठेवलंय शंभरात जेमतेम दीड-दोन भाग असलेल्या अगरने. हा अगर लाल समुद्री शेवाळातून येतो.

जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिवाणू जिलेटिनवर, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून मिळणाऱ्या जेलीवर, वाढवत. पण ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या उबेत, जिलेटिन वितळायचं. शिवाय काही जिवाणू ते पचवून त्याचं पाणी करायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी स्वयंपाकात जेलीसाठी अगर वापरत. १८८१ मध्ये त्यांनीच तो सुचवला. अगर वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि वितळल्यावर चाळिशीच्या खाली आल्याशिवाय तो गोठत नाही. ऊबपेटीत तो घट्टच राहिला. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्यात अगरचा उल्लेख आहे. फॅनी हेसे यांचा नाही. म्हणून इथे त्यांचं नाव मुद्दाम घेतो आहोत.

शेवाळ हे सगळं आपल्यासाठी थोडंच बनवतं? त्याला लाकडाचा कणा नाही. लाटेचा तडाखा बसला की ताठ फांदी मोडेल; पेशींच्या भिंतीत असा चिवट गर असलेलं शेवाळ वाकतं आणि सावरतं.

तपकिरी शेवाळातल्या अल्जिनेट नावाच्या अशाच गराची करामत डोळ्यांना दिसते. सोडियम अल्जिनेटचा थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडा. पडता क्षणी त्याच्याभोवती कातडी धरते आणि चमच्यात येतो तो गोल, लवचिक मणी. कॅल्शियमने लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. दातांचा साचा घेताना तोंडात मऊ लगदा घट्ट होतो, तोही असाच. लाल शेवाळातलंच कॅरॅजीनन चॉकलेट दुधातला कोको तळाशी बसू देत नाही.

प्राण्यांकडूनही असे पदार्थ मिळतात. कोळंबीच्या कवचापासून कायटोसान, माशांच्या कातडीपासून जिलेटिन. कॉडसारख्या थंड समुद्रातल्या माशाचं जिलेटिन मात्र खोलीत ठेवलं तर पातळच राहतं. घट्ट व्हायला त्याला १० अंशांच्या आसपासचा गारठा लागतो. साखळ्या जुळवून धरणारी काही अमिनो आम्लं त्याच्या प्रथिनात कमी असतात. तो मासा ज्या गार पाण्यात वाढला, तिथे त्याला त्यांची तेवढी गरजच नव्हती.