पुळणीवरची पाऊणकी

(दापोली तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादन करून.)

माननीय अध्यक्ष, आणि समोर बसलेल्या आजी-माजी गुरुजींनो, बाईंनो, पालकांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘प्राथमिक शिक्षक हाच पहिला प्रशिक्षक’. त्यात माझी एक मागणी आहे, ती शेवटी मांडतो. पण आधी एका माणसाचं आयुष्य सांगायला हवं. आपलं नाव व्यासपीठावरून घेऊ नये असा त्यांचा निरोप आहे, म्हणून मी नुसतं गुरुजी म्हणेन. तुमच्यातल्या निम्म्यांना ओळख पटेलच. बाकीच्यांनी आपापले गुरुजी त्या जागी धरावेत.

तसा आपला तालुका शिक्षकांचा. साने गुरुजी पालगडचे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. सांगताना सगळे त्यांची जिद्द सांगतात. मला त्या पायांचंही कौतुक वाटतं. कोकणातल्या मुलाचे पाय चढ-उतारावर आपोआप तयार होतात. त्यांना वळण लावणारं कुणी भेटलं, तर मूल कुठच्या कुठे जातं.

आमचे गुरुजी मूळचे सांगलीकडचे. डी.एड. झाले, नेमणूक मिळाली ती थेट आमच्या किनाऱ्यावर. ऐंशीचं दशक. तोवर त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. घाटावरून आलेले गुरुजी बदलीचा अर्ज खिशात घेऊनच येतात, असं तेव्हा गावात म्हणत. (हसू नका, समोर दोघं-तिघं तसे बसलेत आणि ते तीस वर्षं इथेच आहेत!) गुरुजी स्वतः खो-खो खेळलेले. पहिल्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, “मैदान कुठं आहे?” हेडमास्तरांनी खिडकीतून बोट दाखवलं. बाहेर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा खडक. त्याच्यावर मूल पडलं तर गुडघा सोलून निघतो. खाली भाताचे कोपरे, पण ते जूनपासून कापणीपर्यंत चिखलात. मग उरली ती पुळण, समुद्रकाठची वाळू.

आता पुळण काही शाळेच्या वेळापत्रकावर चालत नाही. पहिल्या आठवड्यात गुरुजींनी खुंट्या ठोकून रेघा आखल्या, पोरं उभी केली, आणि अर्ध्या तासात पाणी पायाशी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेले तर पट्टा थोडा जास्त मोकळा. तिसऱ्या दिवशी आणखी. होड्या ओढणारी माणसं गंमत बघत होती. शेवटी एका म्हाताऱ्या खलाशाने हाक मारली, “गुरुजी, पाऊणकी येते ना? मग घड्याळ कशाला बगताव?”

इथल्या दर्यावर्दी घरांना हे सांगायला नको, पण मुलांसाठी सांगतो. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे साडेपाचच्या आसपास ओहोटी, आणि ते दिवस उधाणाचे, म्हणून पाणी हटतंही लांबवर. शाळा सुटते पाचला. त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंत संध्याकाळची पुळण आपली. अष्टमीला संध्याकाळी भरती, त्या दिवशी शाळेच्या अंगणात लंगडी.

गुरुजींनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं : आज तिथी कोणती? सराव किती वाजता? पाऊणकी तेव्हा पुस्तकातून गेली होती, आजोबांच्या तोंडात होती. मुलं घरी जाऊन आजोबांना विचारू लागली. खेळायला मिळण्यासाठी गणित सोडवायचं म्हटल्यावर जी पोरं पाढ्याच्या वेळेला खिडकीबाहेर बघायची, ती हात वर करू लागली. चूक उत्तर काढणाऱ्याला गुरुजी काही बोलत नसत. सगळा वर्ग त्याच्या उत्तराप्रमाणे त्या वेळेला किनाऱ्यावर जायचा आणि पाणी बघून परत यायचा. पुन्हा त्याची तिथी चुकत नसे.

आणि ओली वाळू ही गुरुजींची वही होती. मूल धावून गेलं की ते वाकून पावलं बघत. टाच खोल उमटली असेल तर म्हणत, “तू आपटत धावतेस, जरा पुढं झुक.” डावं पाऊल बाहेर वळलेलं दिसलं की घरी जाऊन चौकशी करत, लहानपणी पाय मोडला होता का. दोन पावलांमधलं अंतर मुलं टेपने मोजायची, वहीत लिहायची, महिन्याने पुन्हा मोजायची. कोरड्या वाळूत पाय रुततो, तिथे पोटऱ्या तयार होतात. घट्ट पट्ट्यावर वेग काढायचा. खो-खोचे खांब सुरूचे, एकशे वीस सेंटिमीटर मापून तासलेले. पहिली-दुसरीला फक्त लंगडी, कारण एका पायावर तोल सांभाळता आला की घोटा मजबूत होतो. तिसरीपासून खो-खो. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही, म्हणून उठायच्या आधी ठरवायचं, हे ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवत. कबड्डीच्या चढाईला तीस सेकंद मिळतात. दम टिकावा म्हणून मुलं चालत चालत एका श्वासात कविता म्हणायची. त्यांची वाचनातली अडखळ त्यातच गेली.

मुलींचं मात्र सोपं नव्हतं. पाचवीनंतर घरचे सोडेनात. गुरुजी संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावात जाऊन आयांना भेटायचे. एक बाई टोपली न उतरवता म्हणाली, “गुरुजी, ती धावाया गेली तं पानी कोन आनील?” गुरुजींनी सरावाची वेळ बदलली. मुलींनी आधी पाणी भरायचं, मग यायचं. पुढे त्याच बाईंनी संघासाठी निकरांचं कापड आणून दिलं.

आता जी गोष्ट मला आजही टोचते, ती सांगतो. मुंबईने आमच्या वाड्या रिकाम्या केल्या. पट उतरत गेला. खो-खोला मैदानात नऊ लागतात, आणि आमच्या शाळेत त्या गटात मुली सहा. पलीकडच्या वाडीच्या शाळेत पाच. दोन्ही शाळांच्या मुली पावसाळा संपल्यापासून एकत्र सराव करत होत्या. खाडीच्या तरीतून येत होत्या. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, स्पर्धेला टेम्पो करून गेलो, आयांनी पहाटे उठून भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. तिथे टेबलावर सांगितलं, संघ एकाच शाळेचा हवा. गुरुजींनी विनंती केली, नियम मान्य, पण निदान प्रदर्शनी सामना खेळू द्या, मुली लांबून आल्यात. वेळ नाही म्हणाले. त्या अकरा मुली दिवसभर कडेला बसून दुसऱ्यांचे सामने बघत राहिल्या. त्यांतल्या एकीचा वेग असा होता की, तालुक्यात तिला कुणी शिवलं नसतं. सातवीनंतर तिचं खेळणं थांबलं. नियम करणाऱ्या माणसाने वाईट हेतूने केला असं मी म्हणत नाही. पण तो मोठ्या पटाच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून केला होता, आणि कोकणात तशा शाळा मोजक्याच उरल्यात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. ठीक आहे, मुद्द्यावर येतो.

शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य हवं असं लिहिलंय. पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला ती तरतूदच नाही. म्हणजे आपल्या बहुतेक शाळांमध्ये पाढे शिकवणारा माणूसच धावायला शिकवणार. मला यात तक्रार नाही. उलट माझं म्हणणं असं की, दहा वर्षांच्या आतल्या मुलाला तोच माणूस हवा. घरात काय चाललंय, पाय कधी मोडला होता, आज जेवलंय का, हे वर्गशिक्षकालाच ठाऊक असतं. फक्त त्याच्या या कामाला काम म्हणा. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामाला जुंपू नये. माहिती भरण्यात जाणारी संध्याकाळ मुलांना परत द्या.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आता हा खेळ मॅटवर गेलाय, जगात गेलाय. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलीला त्यात जायचं असेल तर तिला केंद्राच्या स्पर्धेच्या दारात अडवून चालणार नाही.

म्हणून मागणी एवढीच : कमी पटाच्या शेजारच्या शाळांना संयुक्त संघ उतरवू द्यावा, आणि शाळेच्या खेळाच्या जागेची सातबाऱ्यावर नोंद व्हावी. जमीन कुणीतरी तोंडी दिलेली असते, पुढची पिढी कुंपण घालते आणि मैदान जातं. नोंदीचं काम ग्रामपंचायतीने हाती घ्यावं, सरपंच समोर बसलेत. संयुक्त संघाचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे लिहून दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. हिवाळी स्पर्धांच्या आधी तो पोचायला हवा. पालकांच्या सह्या आधी लागतील, शिक्षकांच्या नंतर. ज्यांना वाडीत फिरवायचाय त्यांच्यासाठी जादा प्रती आहेत, त्या घेऊन जा.