वाळूची पाटी आणि ६४० एकर

२२ डिसेंबर १७७९. अमेरिकेत, आजच्या टेनेसी राज्यातल्या होल्स्टन नदीवरच्या फोर्ट पॅट्रिक हेन्री या किल्ल्यापासून सपाट तळाच्या होड्यांचा तांडा निघाला. त्यात अ‍ॅन रॉबर्टसन जॉन्स्टन होती. वय २२-२३, नवरा वारलेला, पदरी तीन मुली.

भाऊ जेम्स गुरंढोरं आणि गडीमाणसं घेऊन खुष्कीने पुढे गेलेला. बायकापोरांना नदी सोपी, असा हिशेब.

जायचं पश्चिमेला, कंबरलँड नदीकाठी नवी वस्ती करायला. पण होल्स्टनच्या पुढची टेनेसी नदी आधी दक्षिणेकडे नेते आणि मोठा वळसा घेऊन उत्तरेला ओहायो नदीत सोडते. तिथून पुढे उलट्या धारेने, आधी ओहायो, मग कंबरलँड. सुमारे १,००० मैल, चार महिने. सोपं म्हणे!

एका होडीत देवीची साथ आली. २८ माणसांची ती होडी मुद्दाम मागे ठेवली होती, आणि ८ मार्चला चिकमॉगा चेरोकींनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, नेमकी तीच गाठली. किंकाळ्या पुढच्या होड्यांपर्यंत येत होत्या. मागे कुणी वळलं नाही. पुढे देवी त्या चेरोकी गावांतही शिरली. मुलूख त्यांचा होता, हेही इथेच सांगायला हवं.

एवढ्या धास्तीत पोरांना गुंतवायचं कसं? अ‍ॅनने होडीतच शाळा मांडली, असं सांगतात. खोक्यात वाळू पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, हात फिरवून पुसायचं. आपली धुळपाटीच की ही.

तांड्याचा म्होरक्या जॉन डोनेल्सन रोजनिशी लिहायचा. कंबरलँडला लागताना त्याने छोटं चौकोनी शीड उभारलं. खालच्या दोन्ही टोकांशी एकेक माणूस. वारा अचानक उसळला की ढील द्यायची. शिधा तुटपुंजा. एक राजहंस मारला, तो रुचकर लागल्याची नोंद आहे. काठावरचा पाला खुडून भाजीही झाली.

२४ एप्रिल १७८०. होड्या आजच्या नॅशव्हिलला लागल्या. त्याच वर्षी अ‍ॅनने तांड्यातल्याच जॉन कॉक्रिलशी लग्न केलं. आणि १७८४च्या कायद्याने नॉर्थ कॅरोलायनाने तिला ६४० एकर जमीन दिली. नवऱ्याच्या नव्हे, तिच्या नावावर!

त्या जमिनीवर आज सेंटेनियल पार्क आहे. लोक येतात ते तिथलं पार्थेनॉन, म्हणजे अथेन्सच्या ग्रीक मंदिराची प्रतिकृती, बघायला. कॉक्रिलांच्या नावाचा झराही तिथेच. कित्येक वर्षं त्याचं पाणी गटारात जात होतं. अलीकडे तो पुन्हा मोकळा केलाय.