फौज कुणाची, पगार कुणाचा

श्रोतेहो, नमस्कार.

जून आला की ग्वाल्हेरात एक वाद ठरल्यासारखा निघतो. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी मेळा भरतो, भाषणं होतात, आणि मग घरोघरी प्रश्न येतो की जयाजीराव शिंदे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने का राहिले? आपल्या मराठी घरांत हा वाद जरा जास्तच तिखट होतो. राणी आपली, तात्या टोपे आपले, रावसाहेब पेशवे आपले आणि शिंदेही आपलेच. दोष कुणालाही दिला तरी तो घरातच पडतो.

वाद घालायला माझी ना नाही. पण जून 1858 वर तासभर भांडणारी मंडळी जानेवारी 1844 चं नाव काढत नाहीत, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

फेब्रुवारी 1843 मध्ये जनकोजीराव शिंदे वारले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी ताराबाई जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या. त्यांनी आठ-नऊ वर्षांच्या भगीरथरावाला दत्तक घेतलं, तेच जयाजीराव. कारभार कुणी पाहायचा यावरून दरबारात मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांचे गट पडले, आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरोला आत शिरायला फट मिळाली. त्याची नजर सतलजपलीकडे होती. पंजाबात शिखांची कसलेली फौज उभी असताना पाठीशी शिंद्यांचीही मोठी फौज आणि तोफखाना असणं त्याला परवडणार नव्हतं. 29 डिसेंबर 1843 ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार इथे लढाया झाल्या. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. त्या जिंकलेल्या तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या शिपायांसाठी पदकं घडवली, आणि कलकत्त्याला हुगळीकाठी एक स्मारकही उभारलं. ते आजही तिथे आहे.

पुढच्याच महिन्यात तह झाला. शिंद्यांच्या स्वतःच्या फौजेवर नऊ हजारांची मर्यादा आली. जयाजीराव वयात येईपर्यंत कारभार मंडळाकडे, आणि मंडळाने चालायचं रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारात बसलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, सल्ल्याने. शिवाय ग्वाल्हेर कंटिन्जंट, म्हणजे शिंद्यांच्या खर्चाने पण इंग्रजांच्या हुकमाखाली ठेवलेली फौज, वाढवायची ठरली. तिच्या खर्चासाठी वर्षाला अठरा लाख रुपये वसुलाचा मुलूख शिंद्यांनी तोडून द्यायचा. तळ मुरारला, म्हणजे राजवाड्यापासून दोन-अडीच कोसांवर. अधिकारी इंग्रज, हुकूम कलकत्त्याचा, पैसा मात्र शिंद्यांच्या मुलखातल्या शेतसाऱ्याचा.

म्हणजे आपल्यावर पहारा ठेवणाऱ्याचा पगारही आपणच द्यायचा! लखनौ, हैदराबाद, नागपूर, पुणे, सगळीकडे तैनाती फौजेच्या रूपाने थोड्याफार फरकाने हेच घडलं होतं. वेलस्लीच्या काळापासून कंपनीने हा धंदा इतका पक्का बसवला की तिचं निम्मं साम्राज्य दुसऱ्यांच्या खर्चाने उभं राहिलं.

पण असा हिशेब सगळीकडे गप्प बसून मान्य होत नाही. अमेरिकेचंच पाहा. फ्रेंचांशी झालेली लढाई जिंकल्यावर ब्रिटनने तिथे सुमारे दहा हजार शिपाई ठेवायचं ठरवलं, आणि त्यांच्या खर्चाचा काही वाटा वसाहतींनी उचलावा म्हणून 1765 मध्ये मुद्रांक कर बसवला. तो पुढच्या वर्षी मागे घ्यावा लागला, तरी त्यानंतर बसवलेल्या करांपैकी चहावरचा कर राहिला, आणि 1773 मध्ये बोस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात गेला तो आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचाच होता. पुढे यॉर्कटाउनला 1781 मध्ये शरण गेलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. तिथे हरला, इथे येऊन वरच्या सगळ्या जागा त्याने हिंदी माणसांना बंद केल्या. धडा बहुधा त्याने उलटाच घेतला होता.

आता मुरारच्या छावणीकडे येऊ. कंटिन्जंटमधले बहुतेक शिपाई या मुलखातले नव्हतेच. ते अवधचे, पुरबिये. कंपनीच्या बंगाल फौजेत ज्या गावांतून भरती होई त्याच गावांतले. त्यामुळे 1857 ची कारणं शोधायला त्यांच्या गावी जावं लागतं. फेब्रुवारी 1856 मध्ये कंपनीने अवध खालसा केलं. त्याच वर्षी बंगाल फौजेत नव्या भरतीवर समुद्रापार जाण्याची अट आली. पायदळाच्या शिपायाचा पगार महिन्याला सात रुपये, तो कैक वर्षं तसाच. परमुलखात गेलं की मिळणारा भत्ता, तर सिंध आणि पंजाब जिंकल्यावर सरकार म्हणालं, आता हा मुलूख आमचाच, भत्ता कसला? म्हणजे शिपायाने जिंकून दिलं आणि जिंकण्याबद्दल त्याचाच भत्ता गेला. वर पदोन्नती अशी की तीस वर्षं चाकरी करून पांढऱ्या मिशांचा सुभेदार कालपरवा आलेल्या इंग्रज पोराचा हुकूम ऐकतो. काडतुसांची चरबी धर्माच्या मुळावर आली हे खरंच, पण आधी हे सगळं साचलेलं होतं.

14 जून 1857 च्या रात्री मुरारची कंटिन्जंट उठली. पायदळाच्या सात पलटणी, दोन रिसाले आणि तोफखाना. शिंद्यांवर नजर ठेवायला उभी केलेली ही फौज आता शिंद्यांनाच म्हणू लागली, आमचे पुढारी व्हा, आग्र्यावर चला. जयाजीराव तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. दिवाण दिनकरराव राजवाडे सोबत. दोघांनी फौजेला नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. पगार चालू ठेवला, आज-उद्या करत अख्खा पावसाळा तिला इथेच अडकवली. कुणी याला फितुरी म्हणेल, कुणी शहाणपण. मला त्यात 1844 च्या मुलाची भीती दिसते. तोफा गेल्यावर काय उरतं ते त्याने लहानपणीच पाहिलं होतं.

शेवटी कंटिन्जंट तात्या टोप्यांना जाऊन मिळाली आणि नोव्हेंबरअखेरीस कानपुरात जनरल विंडमला तिने मागे रेटलं. कंपनीच्या कवायतीत तयार झालेली फौज कंपनीवरच उलटली, तर किती भारी पडते ते इंग्रजांना तिथे कळलं. डिसेंबरात सर कॉलिन कँपबेलने तिचा पराभव केला.

आणि मग 1 जून 1858. काल्पीहून मागे हटलेले राणी, तात्या आणि रावसाहेब मुरारजवळ आले. जयाजीराव स्वतः फौज घेऊन सामोरे गेले, आणि बघता बघता त्यांची बहुतेक फौज समोरच्यांना मिळाली. ही कंटिन्जंट नव्हे, शिंद्यांची स्वतःची फौज! राजाला आग्र्याकडे पळावं लागलं. म्हणून म्हणतो, शिंदे कुठे होते हा प्रश्न अपुरा पडतो. शिंद्यांचे शिपाई कुठे होते, तेही विचारायला हवं.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी दुरुस्ती केली ती फौजेच्या हिशेबात. बंगाल फौजेत दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा, आणि तोफखाना जवळपास सगळा गोऱ्यांच्या हाती. ग्वाल्हेरचा किल्ला 1886 पर्यंत त्यांनी शिंद्यांना परत दिला नाही, आणि दिला तेव्हा बदल्यात झाशी घेतली. खर्च कुणाचा, या प्रश्नाला मात्र हात लावला नाही. हिंदुस्थानच्या तिजोरीतून पोसलेल्या पलटणी ॲबिसिनियाला गेल्या, चीनला गेल्या. बडोद्याचे दिवाण राहिलेले दादाभाई नवरोजी पुढे विलायतेत हाच खर्च आकडे मांडून विचारत राहिले.

18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरच्या खलाशांनी संप केला. सुरुवात निकृष्ट जेवणापासून आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीपासून झाली. पण मागण्यांचा कागद तयार झाला तेव्हा त्यात पगार आणि जेवणाबरोबर आणखी एक कलम होतं: इंडोनेशियात पाठवलेलं हिंदी सैन्य परत बोलवा.

नमस्कार.