रेइश मागुश: चिऱ्याचा किल्ला, चुन्याचा जीव

पणजीहून बेतीला जाणारी फेरी सुटली की डावीकडे, मांडवीच्या पलीकडच्या टेकडीवर हा तांबूस तट दिसू लागतो. पायथ्याशी पांढरंशुभ्र चर्च, आणि वर रेइश मागुशचा किल्ला.

पोर्तुगीजांनी तो १५५१ मध्ये बांधला, १७०७ मध्ये नव्याने उभारला. पुढे त्याचा तुरुंग झाला. १९९३ मध्ये तुरुंग बंद झाला आणि किल्ला ओस पडला.

आता ही भिंत जवळून बघा. हा चिरा, म्हणजे जांभा. दगड सच्छिद्र, पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी आतच कोंडतं, चिऱ्याचा पृष्ठभाग भुगा होऊन गळतो आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. दुरुस्ती दिसते छान, टिकते दोन-चार पावसाळे. म्हणून इथे चुनाच हवा.

कळीचा चुना पाण्यात भिजवायचा आणि काही आठवडे मुरू द्यायचा. घाई केली की न विरलेले खडे भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. मग एक घमेलं चुन्याला साधारण तीन घमेली धुतलेली वाळू. खारी वाळू घातली की भिंतीवर मीठ फुटतं. सांधे दोन बोटं खरवडायचे, पाणी मारायचं, मगच दर्जा, म्हणजे सांध्यांतला चुना, भरायच्या. वर ओली गोणपाटं, नाहीतर उन्हानं चुना पावडर होतो. हे सगळं पावसाआधी उरकायचं.

आणि हा पिंपळ. वरून छाटून भागत नाही, मूळ आत जाडच होत राहतं आणि चिरे ढिले करतं. चिरे उतरवून मूळ काढायचं, मग तेच चिरे परत बसवायचे. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

गोवा सरकार, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि ब्रिटनचा हेलन हॅम्लिन ट्रस्ट यांनी हा किल्ला सावरला. वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा. २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला.

कोठड्यांच्या जागी आता दालनं आहेत. या भिंतीवरची गर्दी व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची: बाजार, लग्न, पाद्री, कुत्री. दुसरीकडे गोवामुक्तीच्या लढ्यातली माणसं.

वर बुरुजाशी या. जांभ्यावर शेवाळ असतं, पावसात चप्पल घसरते. खाली मांडवीचं मुख, समोर काब, म्हणजे राजभवनाचं भूशिर, डावीकडे पणजी. पाणी चढतंय. फेरी परत निघाली.