संडासाची लाईन कुठे गेली?

'स्लमडॉग मिलेनियर', म्हणजे मुंबईच्या झोपडपट्टीतल्या जमाल नावाच्या पोरावरचा डॅनी बॉयल या ब्रिटिश दिग्दर्शकाचा पिक्चर, मी दोनदा बघितला, आधी मल्टिप्लेक्सला इंग्रजी आणि मग चार-पाच दिवसांनी एका जुन्या सिंगल स्क्रीनला हिंदी डब केलेला, 'स्लमडॉग करोडपती', आणि आज मी जे बोलणार आहे ते सगळं या दोन शोंमधल्या फरकावर आहे.

तो सीन तुम्हाला आठवत असेलच. छोटा जमाल संडासात अडकलाय, बाहेरून कडी, तिकडे हेलिकॉप्टरमधून अमिताभ उतरलाय, आणि हा पोरगा नाक दाबून खाली खड्ड्यात उडी मारतो आणि तसाच डोक्यापासून पायापर्यंत भरलेला गर्दीत घुसून सही घेतो. (ते चॉकलेट आणि पीनट बटर होतं म्हणे, असो.) मल्टिप्लेक्समध्ये या सीनला एकदम शांतता. शेजारच्या बाईंनी पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला. मागून एक आवाज आला, "यांना आपल्याकडे दाखवायला हेच सापडतं." सिंगल स्क्रीनला मात्र तो पोरगा वर आला तशा शिट्ट्या सुरू झाल्या, आणि सही मिळाल्यावर तर टाळ्या, म्हणजे खऱ्या बच्चनच्या एंट्रीला पडायच्या तशा.

दुसऱ्या शोला माझ्याबरोबर एक जुना मित्र होता, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत वाढलेला. इंटरव्हलला वडा खाता खाता म्हणाला, "बाकी ठीक आहे रे, पण लाईन कुठाय?" मला कळेचना. मी म्हटलं कसली लाईन? "अरे संडासाची! बाहेर एकच गिऱ्हाईक उभं आहे. टमरेल घेतलेली पंधरा माणसं नाहीत, दार वाजवणं नाही, शिव्या नाहीत. आमच्याकडे हा एवढा वेळ आत बसला असता ना, तर त्याला कडी घालायची कुणाला गरजच नव्हती, दार उखडून बाहेर काढला असता."

हसू नका, म्हणजे हसा, पण मला हे त्या पिक्चरवरचं सगळ्यात नेमकं परीक्षण वाटतं, त्यावेळी जे काय रकानेच्या रकाने लिहून आले त्या सगळ्यांपेक्षा. कारण बाकीचे सगळे भांडत होते की घाण दाखवावी की नाही. हा म्हणत होता घाण दाखव रे बाबा, पण माणसं कुठे गेली? लाईन म्हणजे काय, तर नंबर कुणाचा, म्हाताऱ्याला आधी सोडायचं का, ज्याची 6:10 ची लोकल आहे त्याला पुढे घ्यायचं का, पाणी कोण ओतणार, साफसफाईचे पैसे कोण गोळा करणार. एवढा सगळा कारभार त्या लाईनीत असतो. कॅमेऱ्याला खड्डा दिसला आणि कारभार नाही दिसला.

तसंच कागदांचं. मुंबईच्या वस्तीतल्या कुठल्याही घरात जा, पत्र्याच्या पेटीत किंवा गादीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक गठ्ठा असतोच. 1976 साली झोपड्यांची गणती झाली तेव्हा मिळालेला फोटोपास, रेशनकार्ड, लाईटबिल, मतदार यादीतलं नाव. कारण आधी 1 जानेवारी 1995 आणि नंतर 1 जानेवारी 2000, या तारखेच्या आधीपासून तुम्ही तिथे राहता हे दाखवता आलं तर तुम्ही पुनर्वसनाच्या फुकट घराला 'पात्र', नाहीतर अपात्र. पुरात, आगीत लोक आधी ती पिशवी उचलतात, मग टीव्ही. परदेशी पिक्चरमधला गरीब मात्र बिनकागदाचा असतो, त्याच्याकडे फक्त नशीब असतं.

आता आपल्याकडचा राग. जानेवारी 2009 मध्ये पिक्चर इथे लागला आणि लागायच्या आधीपासूनच गदारोळ. अमिताभ बच्चननं ब्लॉगवर लिहिलं की अशी काळी बाजू प्रगत देशांतही असतेच की, त्यावर बोंब झाल्यावर म्हणाला मी लोकांच्या प्रतिक्रिया मांडत होतो. गोऱ्यानं येऊन आपली गरिबी विकली, हा एकूण सूर. गंमत म्हणजे ज्या कादंबरीवरून हा पिक्चर निघाला ती विकास स्वरूपांची, म्हणजे तेव्हा आपल्याच परराष्ट्र सेवेत असलेल्या अधिकाऱ्याची. ते कुणाच्या रागात बसत नव्हतं, मग विसरून गेले सगळे.

पण त्याच वेळी दुसरेही लोक चिडले होते आणि त्यांचं म्हणणं अगदी वेगळं होतं. पाटण्यात थिएटरची तोडफोड झाली, मुंबईत वस्तीतले लोक अनिल कपूरच्या घरासमोर फलक घेऊन उभे राहिले. त्यांची मुख्य तक्रार काय, तर आम्हाला कुत्रा का म्हटलं. देशाची इमेज, परदेशात काय वाटेल, यातलं त्यांना काही पडलं नव्हतं. बरं, हा 'स्लमडॉग' शब्द इथे कुणी वापरतही नव्हतं, आपल्याकडे झोपडपट्टीवाला म्हणतात, वस्तीवाला म्हणतात, शिवी द्यायची तर त्याची सोय मराठीत भरपूर आहे. पण पिक्चरच्या हिंदी नावातही तो शब्द तसाच ठेवला. मल्टिप्लेक्सला लाज वाटली आणि वस्तीला अपमान वाटला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन्ही मिळून छापून आलं, 'भारतीय नाराज'.

ही लाज जुनी आहे हो. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल 1968 मध्ये इथे फिरला, सात भागांची डॉक्युमेंटरी केली. बीबीसीनं ती 1970 मध्ये दाखवली तर आपलं सरकार इतकं भडकलं की बीबीसीचं दिल्लीतलं ऑफिसच बंद करायला लावलं. त्या मालबद्दल मला थोडा आदर आहे, कारण लोक कॅमेऱ्याकडे टक लावून बघतात ते त्यानं कापलं नाही, तसंच ठेवलं, आणि पहिल्याच भागात विचारतो की मी यांच्याकडे बघतोय की हे माझ्याकडे. एवढी कबुलीसुद्धा फार थोडे देतात. त्यातले चेहरे ज्यांचे, त्यांच्यापैकी किती जणांनी ती फिल्म बघितली असेल?

नंतर 1991 मध्ये 'सिटी ऑफ जॉय' या परदेशी पिक्चरचं शूटिंग कलकत्त्यात, तिथे निदर्शनं, सेटवर गावठी बॉम्ब. पिक्चर आला तर काय, रिक्षा ओढणारा ओम पुरी, आणि त्याची हिंमत जागी करायला अमेरिकन डॉक्टर! त्या कलकत्त्यात, जिथे चहाच्या टपरीवर युनियन निघते.

आणि गोऱ्यांनाच कशाला, 1980 मध्ये खासदार नर्गिसबाईंनी सत्यजित राय यांनाच सुनावलं की तुम्ही आमची गरिबी परदेशात नेता, धरणं का नाही दाखवत. नांगराला स्वतःला जुंपून घेणारी 'मदर इंडिया' कोण होती हे त्यांना कुणी विचारलं का माहीत नाही. उलट आमच्या जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा 'चक्र', पूर्ण झोपडपट्टीतला, त्यासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे घरातल्या घरात चालतं, पाहुण्यांसमोर नको. मध्यमवर्गीय घरातली ओळखीची गोष्ट आहे ही, माझी आईसुद्धा कुणी आलं की फाटकी चादर पलटी करायची.

मग फेब्रुवारीत आठ ऑस्कर मिळाली आणि लाज एका रात्रीत गेली. रहमानचं 'जय हो' काँग्रेसनं लोकसभेच्या प्रचाराला घेतलं. प्रचार संपला, मे महिन्यात महापालिकेनं वांद्रे पूर्वच्या गरीबनगरमधली घरं पाडली, त्यात त्याच पिक्चरमधल्या एका पोराचं घर होतं. रेड कार्पेटवर सूट घालून उभा असलेला तो मुलगा आठवा. परदेशी पेपरांना तेवढी बातमी मिळाली, बाकीची घरं कुणाची होती ते कुणी लिहिलं नाही. निर्मात्यांनी मुलांसाठी ट्रस्ट केला होता, शिक्षणाची आणि घराची सोय केली, ते सांगायलाच हवं, उगाच सगळं वाईट कशाला बोलायचं.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं की तुमचा तो मित्र आता कुठे असतो. तर त्याची झोपडी पात्र ठरली, त्याला एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये 225 चौरस फुटांची खोली मिळाली, सातव्या मजल्यावर, आणि संडास आता घरात आहे, लाईन नाही. मागच्या महिन्यात गेलो होतो, चढून धाप लागली. मी त्याला म्हटलं, आता तुझ्यावर कुणी पिक्चर काढणार नाही. तर म्हणतो, "कसा काढणार? लिफ्ट चार महिने बंद आहे, कॅमेरा वर कोण आणणार?"