रोशा तेल : खानदेशच्या उतारांवरून अत्तराच्या बाजारात

रोशा म्हणजे माणसाच्या उंचीचे, तांबूस तुऱ्यांचे गवत. खानदेशात, मेळघाटात आणि सातपुड्यापलीकडच्या निमाडात ते रानात आपोआप उगवते. त्याचा तुरा बोटांत चुरडला, की गुलाबाशी जवळीक सांगणारा गोडसर वास येतो. जागतिक बाजारात पामारोझा या नावाने ओळखले जाणारे तेल याच गवताचे.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात पोहोचत असे. तेथे ते उन्हात ठेवून फिकट केले जाई आणि बल्गेरियातील गुलाबाच्या तेलात मिसळले जाई. शुद्ध गुलाब म्हणून युरोपात विकल्या गेलेल्या मालात आपल्याकडचे गवत किती होते, हे त्या व्यापाऱ्यांनाच ठाऊक! ही भेसळ खपत असे, कारण गुलाबाच्या तेलातील एक प्रमुख सुगंधी घटक, जिरॅनिऑल, रोशा तेलात विपुल असतो. ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1871 मध्ये जिरॅनिऑल प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेही भारतातून आलेल्या अशाच गवताच्या तेलातून.

रोशाचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार असून ते दिसायला इतके सारखे आहेत, की नवख्याची फसगत ठरलेली. मोतिया निचऱ्याच्या, मोकळ्या उतारांवर विरळ वाढतो आणि त्याच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण साधारणपणे 75 ते 90 टक्के असते. ओलसर सखल जागी दाटीने वाढणाऱ्या सोफियात ते बरेच कमी असते, म्हणून त्याला भावही कमी मिळतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने लागवडीसाठी ‘तृष्णा’सारखे सुधारित वाण विकसित केले आहेत.

तेल प्रामुख्याने तुऱ्यात असल्याने कापणी फुलोऱ्यात करावी लागते. जंगलातील जुन्या भट्ट्यांमध्ये गवत पाण्यातच उकळत. तळाचे गवत करपले, की तेलाला धुरकट वास लागे. आता जाळीवर ठेवलेल्या गवतातून वाफ सोडतात, ती वाफ नळीतून नेऊन थंड करतात आणि पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे काढतात. 100 किलो ओल्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल हाती लागते.

या तेलाचा मोठा खप साबण, सुगंधी द्रव्ये आणि तंबाखूच्या उद्योगांत आहे. घरगुती वापरात ते दुखऱ्या सांध्यांवर व कंबरेवर चोळतात, तसेच डासांना दूर ठेवण्यासाठी लावतात. मात्र ते लवकर उडून जात असल्याने हा परिणाम फार वेळ टिकत नाही. काही जिवाणू व बुरशींची वाढ ते प्रयोगशाळेत रोखते, परंतु तेवढ्यावरून त्याला रोगावरचे औषध म्हणणे घाईचे ठरेल.

हे तेल थेट त्वचेवर लावू नये. चहाच्या चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन थेंब पुरतात, आणि जिरॅनिऑलची काहींना ॲलर्जी असल्याने आधी मनगटावर थोडे लावून पाहावे. ते पोटात घेऊ नये आणि डोळ्यांजवळ नेऊ नये. विकत घेताना कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवावा : उडून गेल्यावर तेलकट डाग मागे राहिला, तर त्यात खाद्यतेलासारख्या न उडणाऱ्या तेलाची भेसळ असण्याची शक्यता असते. टर्पेंटाइनची भेसळ मात्र या परीक्षेत सापडत नाही. तिच्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते.