आठ दिवसांचा आठवडा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गावात आठवडा आठ दिवसांचा असतो, असं बत्तीरचे लोक सांगतात. थट्टेत नाही, अगदी सरळ चेहऱ्यानं सांगतात. गावात मोठी घराणी आठ. आपण त्यांना भावक्या म्हणू. गावच्या झऱ्याचं पाणी रोज एका भावकीचं. आठही जणांचं भिजवून झालं की पाळी फिरून पहिल्या घरी येते. मग आठवडा सातच दिवसांचा कसा धरायचा?

हे बत्तीर पॅलेस्टाईनमध्ये, वेस्ट बँकेत आहे. बेथलेहेम त्याच्या पूर्वेला आणि जेरुसलेम ईशान्येला, दोन्ही सहा-सात किलोमीटरवर. 2007 च्या जनगणनेत इथली वस्ती चार हजारांच्या आतच होती. सगळा मुलूख चुनखडीच्या डोंगरांचा. उतारावर माती धरून ठेवायची तर दगडावर दगड रचून ताली घालायच्या, त्यामागे माती भरायची. चुना नाही, सिमेंट नाही. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे काम ओळखीचं वाटेल. वरच्या कोरडवाहू ताली ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या, झऱ्याखालच्या बागायती भाजीपाल्याच्या. मधूनमधून दगडी बुरुजासारख्या राखणीच्या खोल्या दिसतात. आपल्याकडे शेतात माळा बांधतात ना, तसंच. फक्त हा माळा दगडाचा, आणि पीक हाताशी आलं की घरच्यांनी उन्हाळाभर तिथंच मुक्काम ठोकायचा.

गावाचा जीव मात्र झऱ्यात. त्याचं पाणी रोमन काळातल्या दगडी टाक्यात साठतं. ज्यांची पाळी असेल त्यांनी खुणा केलेली काठी टाक्यात उभी करायची, पाणी किती चढलंय ते बघायचं आणि तेवढ्याची आपापसांत वाटणी करायची. पुढचं काम उताराचं. ना पंप, ना इंजिन. एक पाट अडवायचा, दुसरा मोकळा करायचा आणि पाण्यामागून चालत जायचं. बारं धरलेल्या कुणालाही हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

झरा जुना म्हणजे किती जुना? तिथल्या खडकावर रोमन सैन्याच्या दोन पलटणींची नावं कोरलेली सापडली आहेत. गावालगतच्या टेकडीवर एका किल्ल्याचे अवशेष आहेत. रोमविरुद्ध उठलेल्या ज्यू बंडखोरांचं आणि त्यांच्या म्होरक्या बार कोखबाचं शेवटचं ठाणं बेतार, ते हेच, असं अभ्यासक मानतात. इसवी सन 135 मध्ये ते पडलं. त्या जागेला अरबी गावकरी आजही ‘खिर्बत अल-यहूद’ म्हणतात, म्हणजे यहुद्यांचे भग्नावशेष. दुसऱ्यांच्या पडक्या कोटाची आठवण अशी नावात सांभाळलेली मला तरी फार बोलकी वाटते.

मग आली आगगाडी. 1892 च्या सप्टेंबरात जाफा ते जेरुसलेम हा सुमारे 87 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. तो बत्तीरखालच्या दरीतून गेला आणि गावाला स्टेशन मिळालं. गावचा भाजीपाला गाडीनं जेरुसलेमच्या बाजारात जाऊ लागला. बत्तीरचं लांबट वांगं त्या भागात नावाजलेलं. ते पोखरून आत तांदूळ आणि खिमा भरतात. आपल्या भरल्या वांग्यात शेंगदाण्याचं कूट, त्यांच्यात भात. पण वांगं भरल्याशिवाय त्याचं चीज होत नाही, यावर आपलं आणि त्यांचं एकमत दिसतं.

याच गाडीनं पुढे गावाला संकटात घातलं आणि तारलंही. 1948 च्या अरब-इस्राएल युद्धात देर यासीन या जेरुसलेमजवळच्या पॅलेस्टिनी गावातल्या कत्तलीनंतर बत्तीरचे बहुतेक लोक घरं सोडून गेले. मागे राहिले मूठभर, त्यांत हसन मुस्तफा हे गावचे शिकलेसवरलेले गृहस्थ. गावात सांगतात की या मंडळींनी रिकाम्या घरांतून रात्री दिवे लावले आणि सकाळी गुरं बाहेर काढली, समोरच्या सैन्याला गाव भरलेलं वाटावं म्हणून. एप्रिल 1949 मध्ये इस्राएल आणि जॉर्डन यांच्यात ऱ्होड्स बेटावर युद्धविरामाचा करार झाला. इस्राएलला रेल्वेमार्ग हवा होता, त्यामुळे युद्धविरामाची रेषा गावाला खेटून आखली गेली. गाव जॉर्डनकडे, रूळ इस्राएलकडे, आणि गावची तीसेक टक्के जमीन रुळांच्या पलीकडे.

इथं तोड निघाली. गावकऱ्यांनी रेल्वेला धक्का लागू द्यायचा नाही. बदल्यात पलीकडची शेतं त्यांनीच कसायची. 1967 पर्यंत अशी अधिकृत मुभा असलेलं पॅलेस्टिनी गाव हे एकच. लोक परत आले. रूळ ओलांडून ऑलिव्ह झोडायला जाऊ लागले. गाड्या धावत राहिल्या, पण बत्तीरला थांबेनाशा झाल्या. ज्या गाडीमुळे शेत राहिलं, तिच्यात वांग्याची टोपली चढवायची सोय मात्र गेली.

1967 मध्ये वेस्ट बँक इस्राएलच्या ताब्यात गेली. पुढे इस्राएलच्या विभाजक भिंतीचा, म्हणजे वेस्ट बँक अलग पाडणाऱ्या भिंतीचा आराखडा आला आणि ती याच दरीतून जाणार असं ठरलं. गाव एकीकडे, ताली दुसरीकडे. गावकरी आणि पर्यावरणवादी कोर्टात गेले. 2012 मध्ये खुद्द इस्राएलच्या निसर्ग आणि उद्यान प्राधिकरणानंच भिंतीला हरकत घेतली. सरकारी खातं सरकारी योजनेविरुद्ध उभं राहावं हे कुठल्याही देशात क्वचितच घडतं. जून 2014 मध्ये दोहा इथल्या बैठकीत युनेस्कोनं बत्तीरला जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशांच्या यादीतही घातलं. जानेवारी 2015 मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात भिंतीची ती योजना थांबली.

आता आठ दिवसांच्या त्या हिशेबातली एक गंमत. शुक्रवार तिथं नमाजाचा आणि सुट्टीचा वार. पाळी सात दिवसांची असती तर एका भावकीच्या नशिबी कायमचा शुक्रवार आला असता. आठामुळे वार सरकतो. या खेपेला ज्यांचं पाणी शुक्रवारी, त्यांचं पुढच्या खेपेला शनिवारी, मग रविवारी. पुन्हा शुक्रवार उजाडायला 56 दिवस. तोवर तो एकेक करून बाकीच्या सातही घरांतून फिरून आलेला असतो.

नमस्कार.